मुळशीच्या पाण्यात रोहूची अंडी उशिरा फुटतात, जिरे (नुकती निघालेली पिल्लं) तळाला बसतात: दोष सामूचा (pH) की आणखी कशाचा?

पौड_हॅचरी

नमस्कार मंडळी. पौडच्या पुढे, ताम्हिणीच्या अंगाला रोहू-मृगळाची छोटी चायनीज हॅचरी (गोल टाकीत पाणी फिरवत अंडी उबवायची सोय) आहे. 10 घनमीटरची हॅचिंग टाकी, उंचावर 50,000 लिटरची टाकी. डकमाऊथमधून (बदकाच्या चोचीसारख्या तोट्यांतून) सेकंदाला पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी सुटतं, म्हणजे वरची टाकी दिवसातून तीनदा भरावी लागते. पाणी ओढ्यावरच्या बंधाऱ्याचं.

जूनमधल्या दोन बॅचेस छान निघाल्या. पाऊस लागल्यापासून तीन बॅचेस सारख्याच बिघडल्या. पाच तासांनी मोजलेलं फलन 85 ते 88 टक्के, त्यामुळे माद्या आणि त्यांना अंडी सोडण्यासाठी दिलेलं इंजेक्शन यांत खोट वाटत नाही. पाणी 27 अंश. अंडी 16-18 तासांत फुटायला हवीत, ती विसाव्या तासाला सुरू होतात आणि सव्विसाव्यापर्यंत रेंगाळतात. बऱ्याच पिल्लांचं शेपूट बाहेर आणि डोकं कवचात, तशीच मरतात. जी सुटतात त्यांतली चाळीसेक टक्के दुसऱ्या दिवशी तळाला बसतात. छातीपाशी फुगलेली, काहींचा कणा वाकडा. टाकीत अंडी 7 लाख प्रति घनमीटर, जास्त नाहीत.

सामू पट्टीवर साडेसहा ते सात दिसतो. तो तर बरा आहे ना? पाणी गढूळ येतं म्हणून वरच्या टाकीत दर भरणीला दीड किलो तुरटी फिरवतो. पाणी काचेसारखं निवळतं. मग बिघडतंय काय?

जिरेवाला

शेवटून दुसऱ्या ओळीत तुमचं उत्तर आहे असा माझा दाट संशय आहे. तुरटी.

हिशेब करू. 50,000 लिटरला दीड किलो म्हणजे हजार लिटरला 30 ग्रॅम. पाणीपुरवठ्यात वापरतात ती पाटीची तुरटी (अॅल्युमिनियम सल्फेट) असेल तर दर ग्रॅममागे पाण्यातली अर्धा ग्रॅम अल्कलिनिटी (आम्ल झेलणारा क्षारांचा साठा) खाते. किराणा दुकानातली स्फटिकाची पोटॅश तुरटी असेल तर एक तृतीयांशाच्या जरा खाली. म्हणजे तुमची मात्रा लिटरमागे 10 ते 15 मिलिग्रॅम अल्कलिनिटी गिळते. इंदापूर-दौंडच्या विहिरीच्या पाण्यात दोनशेच्या पुढे अल्कलिनिटी असते, तिथे पंधरा गेली तर कुणाला कळणारही नाही. पावसाळ्यातल्या घाटाच्या ओढ्यात मुळात वीस-पंचवीस असते. त्यातून पंधरा काढा, राहतं काय?

शिवाय ही अल्कलिनिटी नुसती नाहीशी होत नाही, तिचा कार्बन डायऑक्साइड होतो. दर ग्रॅम तुरटीला साधारण 0.44 ग्रॅम. तुमच्या मात्रेला लिटरमागे 13 मिलिग्रॅम. टाकी दिवसातून तीनदा भरता, म्हणजे तो वायू उडून जायच्या आत पाणी अंड्यांवर पोचतं. एका बाजूने आधार गेला, दुसऱ्या बाजूने आम्ल आलं.

जून चांगला का गेला? पाणी निवळ होतं, तुरटी घालावी लागली नसेल. बरोबर ना?

पट्टी फेकून द्या. मऊ पाण्यात पट्टीचा रंग पाण्याच्या सामूपेक्षा पट्टीवरच्या रंगद्रव्यानेच जास्त ठरतो, आणि साडेसहा की सहा हा फरक तिला दिसत नाही. तुमचा सगळा खेळ त्याच फरकात आहे.

आकडे हवेत: ओढ्याचा, तुरटीनंतरच्या टाकीचा आणि पहाटे हॅचिंग टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू; पहिल्या दोहोंची अल्कलिनिटी; ओढ्याचा जडपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार). बाकी नंतर.

रसायन_टेबल

मोजणीत चूक झाली की पुढचं सगळं चुकतं, म्हणून थोडं सविस्तर.

पेन मीटर चालेल, पण त्याच दिवशी 7.00 आणि 4.01 अशा दोन्ही बफरवर (सामू ठरलेल्या द्रावणांवर) बसवून घ्या. बफरची पुडी फोडून केलेलं द्रावण महिनोन्‌महिने वापरू नका. मऊ पाण्यात आयन कमी असल्यामुळे मीटर हळू स्थिरावतो. आकडा दोन-तीन मिनिटं रेंगाळत खाली-वर होतो, तेवढा धीर धरा. घाईत घेतलेला आकडा बऱ्याचदा आधीच्या बफरच्या बाजूला झुकलेला असतो. मीटरचं टोक डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवायची सवय अनेकांना असते, त्याने काच निकामी होते. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणातच ठेवा.

नमुना बाटलीत काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा नको, आणि जागेवरच मोजा. पौडहून पुण्यातल्या प्रयोगशाळेत बाटली पोचेपर्यंत कार्बन डायऑक्साइड उडालेला असतो आणि कागदावर झकास 7.2 येतो. ‘रिपोर्ट चांगला आहे, मग पिल्लं का मरतात’ या प्रश्नामागे पुष्कळदा एवढंच असतं.

अल्कलिनिटी घरी होते. 50 मिली पाणी, मिथिल ऑरेंजचे दोन थेंब, ब्युरेटमधून 0.02 नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल. पिवळ्याचा नारिंगी-गुलाबी झाला की थांबा. लागलेले मिली गुणिले 20, हे झालं लिटरमागे मिलिग्रॅम. तुमच्या पाण्याला मिलीभर किंवा त्याहून कमीच लागेल, म्हणून 100 मिली पाणी घ्या आणि 10 ने गुणा, चूक निम्मी होईल. विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडसाठी 100 मिली पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन घालून एन/44 सोडियम हायड्रॉक्साइड. फिकट गुलाबी टिकला की थांबा, मिली गुणिले 10. हे करताना ढवळाढवळ कमीत कमी.

ब्युरेट नसेल तर एक गावठी चाचणी. एक ग्लास पाण्याचा सामू लगेच घ्या, मग त्यात मत्स्यटाकीचा एअर स्टोन रात्रभर सोडून पुन्हा घ्या. सामू अर्ध्या-एक अंकाने चढला तर आम्ल कार्बन डायऑक्साइडचं, जागचा हलला नाही तर दुसऱ्या कशाचं तरी.

भिगवणकर

वरची चाचणी लाख मोलाची, कारण आमच्या पूर्वेकडे उलटाच घोळ होतो. बोअरचं पाणी उपसलं की मीटरवर 6.6. लोक घाबरून चुना ओततात. प्रत्यक्षात त्या पाण्याची अल्कलिनिटी दीडशे असते आणि 6.6 चा अर्थ एवढाच की त्यात लिटरमागे पंचाहत्तरेक मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड कोंडलाय. तेच पाणी चार-पाच सच्छिद्र थाळ्यांच्या उतरंडीवरून पाडलं की सामू 8 च्या घरात जातो, सोड्याचा कणही न घालता. त्यात आधी चुना घातलेला असला तर मात्र वायू उडाल्यावर 9 च्या पुढे जातो, आणि मग मेलेल्या अंड्यांतून सुटणारा अमोनिया पिल्लांना खातो. सामू 7 ला एकूण अमोनियाचा अर्धा टक्का विषारी रूपात असतो, 8 ला पाचेक टक्के, 9 ला तिसऱ्या हिश्शाहून जास्त (25 अंशाला धरून). तेव्हा सामू चढवला म्हणजे भलंच केलं असं नाही.

बोअरवाल्यांना आणखी एक सांगणं: पाण्यात लोह असेल तर हवा लागताच ते तांबूस साय धरतं. ती साय अंड्यांवर बसू देऊ नका. थाळ्यांनंतर पाणी काही तास मुरवून, वाळूतून गाळूनच आत घ्या.

पौडकरांचं पाणी या जातीचं नाही. पण वाचणारे सगळे काही घाटातले नसतात.

घाटपाणी

अंडं आणि पिल्लू यांना आम्ल वेगवेगळ्या जागी मारतं. पौडकरांनी सांगितलेली लक्षणं दोन्हीकडची आहेत, म्हणून उलगडून सांगतो.

अंडं फलन झाल्यावर तासाभरात पाणी पिऊन फुगतं. कवच आणि गर्भ यांच्यामधल्या त्या पाण्याचा सामू बाहेरच्या पाण्यामागोमाग चालतो. कवच आम्लाला अडवत नाही. गर्भ तयार झाला की त्याच्या अंगावरच्या, मुख्यतः डोक्याकडच्या ग्रंथी एक विकर (एन्झाइम) सोडतात, ते कवच आतून विरघळवतं, आणि गर्भ शेपटीचे फटके मारून ते फाडतो. हे विकर किंचित अल्कधर्मी पाण्यात जोरात चालतं. सामू 6 कडे उतरला की मंदावतं. शिवाय आम्लात गर्भाची हालचालही ढिली पडते. कवच अर्धवट विरतं, शेपूट कशीबशी बाहेर येते, डोकं आत अडकतं. तुमच्या सव्विसाव्या तासाचं कोडं हेच. भिंगाखाली पाहा: निरोगी अंड्यात गर्भाभोवती ऐसपैस मोकळी जागा असते, आम्ल पाण्यात फुगलेल्या अंड्यात ती चिंचोळी राहते आणि गर्भ वळकटी केल्यासारखा दाबून बसलेला दिसतो. कण्याचा वाक तिथूनच येतो.

पाणी नुसतं मऊ असून आम्ल नसेल तर याच्या उलट होतं. अंडं गरजेपेक्षा जास्त फुगतं, कवच पातळ होतं आणि वेळेआधीच फुटतं. सिल्व्हर कार्पच्या अंड्यांवरच्या प्रयोगात 300 ते 500 जडपणाचं पाणी उत्तम ठरलं ते याच कारणाने. म्हणून ‘अंडी फुटतात’ एवढ्यावर निदान करू नये. उशिरा अर्धवट फुटली तर आम्ल, लवकर फुटली तर मऊपणा असा पहिला कौल लावावा, मग मोजावं.

आता पिल्लू. जन्मतः कल्ले कामाचे नसतात. क्षार ओढून घेणाऱ्या पेशी अंगाच्या आणि पीतकाच्या (बलकाच्या) पिशवीच्या कातडीवर पसरलेल्या असतात. आम्ल पाण्यात पिल्लाच्या अंगातून सोडियम आणि क्लोराइड झिरपत बाहेर जातात आणि परत ओढून घ्यायचं काम थंडावतं. कातडीच्या पेशींचे सांधे घट्ट धरून ठेवतो तो कॅल्शियम, आणि तुमच्या ओढ्यात तोच नाही. त्यामुळे 6.2 सामू जड पाण्यात जेवढा सोसवतो तेवढा मऊ पाण्यात सोसवत नाही. क्षार गेले की अंगातल्या पाण्याचा तोल जातो, हृदयापाशी पाणी साचतं, पोहणं थांबतं, पिल्लू तळाला.

यावर अॅल्युमिनियम. 6 च्या वर ते बहुतेक गाळ होऊन बसतं, त्याखाली विरघळत जातं आणि साडेपाच-पाचच्या आसपास कल्ल्यांना सर्वांत जाच करतं. गंमत अशी की अंड्यांना ते तितकंसं बाधत नाही, पिल्लांना बाधतं. शिवाय पाण्याचा सामू बदलत असताना, अॅल्युमिनियम अजून स्थिरावलेलं नसताना, ते जास्त घातक. कल्ल्यांवरच चिकट थर धरतं. नुकती तुरटी फिरवलेलं पाणी पिल्लांवर सोडणं म्हणजे नेमकं हेच.

दक्षिण नॉर्वेतल्या सॅमन-ट्राउट हॅचऱ्यांनी 1920 च्या दशकातच आम्ल पाणी चुनखडीच्या गाळणीतून घ्यायला सुरुवात केली होती. तिथला खडक ग्रॅनाइटचा, पाणी मऊ. आपला खडक काळा पाषाण, तो मुरलेल्या पाण्याला बऱ्यापैकी क्षार देतो. पण धो धो पावसात पाणी खडकात मुरतच नाही, वरच्या वर ओढ्यात येतं. पावसाचं पाणी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळेच 5.6 च्या आसपास असतं. एकच ओढा, मे महिन्यात वेगळा आणि जुलैत वेगळा.

लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटा पॉवरचं महाशीर बीज केंद्र 1970 च्या दशकापासून आहे, म्हणजे घाटाच्या पाण्यात अंडी उबवता येतात. पण महाशीरचं अंडं फुटायलाच तीन दिवस घेतं आणि पीतक संपायला आणखी आठवडाभर तरी, तेव्हा पाणी बिघडलं तर मार रोहूपेक्षा कितीतरी लांबतो. तुम्हाला चार दिवस सांभाळायचे आहेत.

पौड_हॅचरी

मीटर आणला, ब्युरेट पंचक्रोशीतल्या कॉलेजातून मिळाली.

ओढा: सामू 7.1, अल्कलिनिटी 24, जडपणा 20.
तुरटीनंतर वरची टाकी: सामू 6.1, अल्कलिनिटी 10.
हॅचिंग टाकीचं बाहेर पडणारं पाणी, पहाटे पाचला: 6.0.
वरच्या टाकीचं पाणी ग्लासात रात्रभर हवा देऊन: 6.8.

तुरटी पाटीचीच. आणि हो, जूनमध्ये घातली नव्हती. तर मग तुरटीनंतर लगेच चुन्याची निवळी ओतली तर भागेल का? चुना घरात आहे.

जिरेवाला

नका हो दादा. तुमच्या पाण्याला आधारच नाही. विरलेल्या चुन्याची मात्रा जराशी जास्त पडली की सामू एका झटक्यात 10-11 ला जातो आणि टाकीभर अंडी पांढरी पडतात. आणि वर घाटपाणींनी सांगितलंच आहे: तुरटी घातलेल्या पाण्याचा सामू अंड्यांच्या तोंडाशी उचलणं हा सर्वांत वाईट मुहूर्त.

आकडे मात्र लख्ख बोलतात. 24 वजा 15, उरले 9-10. कागदावरचा हिशेब आणि ब्युरेट जुळले.

पुढची बॅच लावण्याआधी वाडग्यात खात्री करा, टाकीवर प्रयोग नको. दोन बाटल्या बनवा. एका लिटर डिस्टिल्ड पाण्यात 64 ग्रॅम खायचा सोडा. दुसऱ्या लिटरमध्ये 88 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, पाकिटावर ‘डायहायड्रेट’ असलेलं. दोन्ही एका बाटलीत मिसळू नका, खडूसारखा गाळ होतो. लिटरभर पाण्यात पहिल्यातला 1 मिली घातला की अल्कलिनिटी 38 ने वाढते, दुसऱ्यातल्या 1 मिलीने जडपणा 60 ने.

लिटरचे चार वाडगे: सध्याचं तुरटीचं पाणी; ओढ्याचं पाणी बिनतुरटीचं, चौपदरी मलमलीतून गाळलेलं; तेच अधिक सोडा; तेच अधिक सोडा आणि कॅल्शियम. शेवटच्या दोहोंना रात्रभर हवा द्या. तुमच्याकडे नाही तर ओळखीच्या दुसऱ्या हॅचरीत फलन झाल्या झाल्या, अंडी फुगायच्या आत, प्रत्येकात शंभर मोजून टाका. दुसऱ्या पाण्यात फुगून आलेली अंडी घेतलीत तर निम्मा प्रयोग आधीच झालेला असतो. चारही वाडगे एकाच मोठ्या घमेल्यात तरंगत ठेवा म्हणजे तापमान सारखं राहील. दर दोन तासांनी निम्मं पाणी त्याच साठ्यातून बदला, पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरने काढा. सोळाव्या तासापासून दर तासाला फुटलेली मोजा, आणि फुटल्यावर आणखी 48 तास ठेवा. ते 48 तास लोक गाळतात. अंड्यांचा निकाल आणि पिल्लांचा निकाल वेगळा लागू शकतो.

गढूळपणाचं काय करायचं? तुरटीऐवजी जिप्सम. मातीचे कण तेही बसवतं, सामू आणि अल्कलिनिटीला धक्का लावत नाही, आणि जाता जाता तुम्हाला हवा तो कॅल्शियम देऊन जातं. खोट एकच: तुरटी तासात निवळते, जिप्समला रात्र लागते, कधी पूर्ण दिवस. म्हणजे 50,000 च्या टाकीत दिवसाला तीनदा हा कारभार जमणार नाही. साठा हवा. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं असेल तर त्यात 5 लाख लिटर एकदम तयार करा. तुमच्या दीड लाख रोजच्या वापराला तीन दिवस पुरेल.

मात्रा बादलीत ठरवा. 10 लिटरच्या चार बादल्या, त्यांत 1, 1.5, 2 आणि 3 ग्रॅम जिप्सम, दोन मिनिटं ढवळून रात्रभर स्वस्थ. सकाळी तळाला टाकलेल्या नाण्यावरची अक्षरं ज्या पहिल्या बादलीत वाचता येतील ती मात्रा. समजा दीड ग्रॅमची बादली जिंकली, म्हणजे हजार लिटरला 150 ग्रॅम. 5 लाखाला 75 किलो शुद्ध. शेतीच्या जिप्समची शुद्धता 70-80 टक्के धरा, म्हणजे 50 किलोच्या दोन गोण्या. यातून जडपणा 85 ने वाढेल, वेगळं कॅल्शियम क्लोराइड लागणार नाही. गोणी घेण्याआधी मूठभर जिप्सम लिटरभर पाण्यात कालवून सामू पाहा. खत कारखान्याचं उपउत्पादन असलेल्या जिप्सममध्ये आम्ल राहिलेलं असू शकतं. कालवण 5 च्या खाली दाखवत असेल तर ती गोणी परत.

अल्कलिनिटी 24 वरून 60 च्या वर न्यायला हजार लिटरला 64 ग्रॅम सोडा, 5 लाखाला 32 किलो. पिंपात विरघळवून तळ्यात चार ठिकाणी ओता. दुकानात ‘सोडा’ म्हणून मागाल तर धुण्याचा सोडा हातात येईल आणि सामू 10 दिसेल. खायचा सोडा, सोडियम बायकार्बोनेट, असं लिहून न्या. हा कितीही पडला तरी सामू 8.3 च्या आसपासच थांबतो, म्हणून चुकीला क्षमा आहे.

क्रम: आधी सोडा, मग जिप्सम, मग निवळू देणं, मग वरची टाकी. टाकीत पाणी नळातून धारेने न सोडता शॉवरसारखं तुषारांतून पाडा, राहिलेला कार्बन डायऑक्साइड तिथेच उडतो.

यानंतर हॅचिंग टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू पहाटे 7.2 च्या खाली दिसला तर पाण्यात खोट शोधू नका, टाकीत शोधा. लाखो अंडी श्वास घेतात. मेलेली अंडी आणि रिकामी कवचं मधल्या जाळीवर साचली की तीही कुजून तेच करतात, वर जाळी तुंबून पाणी कडेने सांडतं आणि बुरशीला घर मिळतं. अंडी फुटायला लागल्यापासून जाळी दर अर्ध्या तासाला मऊ ब्रशने आतून झाडा.

रंगीत_मासे_पुणे

एक पुरवणी, नाहीतर कुणी शोभिवंत माशांवर हेच लावेल. कार्डिनल आणि निऑन टेट्रा, डिस्कस यांची अंडी मऊ, किंचित आम्ल पाण्यातच निघतात. कार्डिनलला तर जड पाणीच मारक. तिथे सामू 5.5 ते 6.5 हा दोष नाही, गरज आहे. आरओचं पाणी, जंगली बदामाची वाळलेली पानं, अॅल्युमिनियमचा मागमूस नाही, आणि जात त्या पाण्यातच घडलेली.

पण आरओमध्ये अल्कलिनिटी शून्य, त्यामुळे पिल्लांना आर्टेमिया (बारीक जिवंत खाद्य) सुरू केल्यावर सामू एका रात्रीत 5 च्या खाली कोसळू शकतो. आणि 6 च्या खाली फिल्टरचे जिवाणू सुस्तावतात, अमोनिया साचत राहतो. साचतो ते निरुपद्रवी रूपात. मग कुणीतरी स्वच्छतेच्या उत्साहात बोअरचं 7.8 चं पाणी निम्मं बदलतं आणि तासाभरात पिल्लं वर तोंड काढतात. बदल दहा टक्क्यांचा, तोही त्याच आरओचा, त्यात चमचाभर जुनं जड पाणी मिसळून. महापालिकेचं पाणी वापरत असाल तर क्लोरीन हा वेगळा शत्रू; सामू नीट असूनही अंडी पांढरी पडली तर आधी तो पाहा.

पौड_हॅचरी

जिरेवाला, घाटपाणी, आभार. वाडग्यांचा प्रयोग येत्या बॅचच्या अंड्यांवर लावतो. सोड्याचा खर्च दर तीन दिवसांना 32 किलो पडतोय. त्याऐवजी कोंबड्यांच्या खाद्यातलं शेलग्रिट पाइपच्या वाटेत भरलं तर? इथे पोल्ट्रीवाल्यांकडे गोणीने मिळतं.

भिगवणकर

चालतं, पण ते दीर्घ पल्ल्याचं औषध आहे. शिंपल्याचा चुरा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अल्कलिनिटी आणि जडपणा दोन्ही देतो आणि सामू उडी मारत नाही. अडचण वेगाची. 7.1 सामूच्या पाण्यात तो अगदी सावकाश विरघळतो आणि तुमचं पाणी सेकंदाला पावणेदोन लिटरने धावतंय; पाइपमधल्या दहा-वीस किलोतून ते नुसतं भेट देऊन जाईल. शेततळ्यातलं पाणी पंपाने ग्रिटच्या थरातून सतत फिरवत ठेवलं तरच फायदा दिसेल, म्हणजे दोनशे लिटरच्या ड्रमांत खालून वर जाणारं पाणी, खाली जाळी, वर जाळी. थर खालून वर फिरला की दाणे एकमेकांवर घासून चकचकीत राहतात. वरून खाली सोडलंत तर गाळ आणि शेवाळाची बुळबुळीत साय बसते आणि आठवड्यात ग्रिट मुकं होतं. गढूळ पाणी त्यातून अजिबात नको, निवळल्यावरच.

ग्रिट आधी खसखसून धुवा, पीठ निघून जाईल. रंग किंवा औषध चोळलेलं ग्रिट घेऊ नका. काळ्या पाषाणाची खडी भरून काही मिळत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण ‘दगड तो दगड’ म्हणणारे भेटतात. फरशीवाल्याकडची मार्बल चिप्स चालेल, पण तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून फसफसते का बघा. न फसफसणारी चिप्स संगमरवराची नाही.

या मोसमापुरता सोडाच घ्या. ग्रिटचे ड्रम मे महिन्यात बसवा.

जिरेवाला

सहमत. एक राहिलं, पौडकर. नव्या पाण्यात जिरे तयार झाले की पाकिटं भरताना हेच पाणी वापरा, ओढ्याचं नको. ऑक्सिजनच्या पाकिटात प्रवासात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि सामू घसरतो. अल्कलिनिटी 60 असेल तर घसरण कमी. घेणाऱ्याला सांगा की पाकीट तळ्यात पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवायचं, मग तोंड उघडून पेलाभर-पेलाभर तळ्याचं पाणी आत घालायचं. उघडल्या उघडल्या पाकिटात एअर स्टोन सोडायचा नाही: कार्बन डायऑक्साइड उडतो, सामू चढतो आणि इतका वेळ गप्प बसलेला अमोनिया जागा होतो. आणि संगोपन तळ्यात त्याच आठवड्यात चुना मारलेला असेल तर आधी तळ्याचा सामू दुपारी तीनला मोजून कळवा म्हणावं. नऊच्या वर असेल तर पाकिटं त्या दिवशी भरूच नका.